खिडकी लावून घे गं!

आमच्या घरी रोज संध्याकाळी आठच्या सुमारास एक डायलॉग ठरलेला. आईचा. किचनमधून, पोळ्या लाटता लाटता.

"खिडकी लावून घे गं, आला वास!"

विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहणाऱ्याला 'कसला वास' हे विचारावं लागत नाही. दिवसभर समुद्राकडून येणारा वारा पडला, की खाडीच्या बाजूनं कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास सरकत सरकत कॉलनीत येतो. नासलेल्या भाजीसारखा, थोडा गोडसर, मध्येच सडक्या अंड्याचा झटका. पहिल्यांदा आलेला पाहुणा दचकून 'गॅस लीक होतोय का?' विचारतो. कॉलेजात माझी एक पार्ल्याची मैत्रीण म्हणायची, तुझ्याकडे यायला पत्ता कशाला हवा, नाकासमोर चालत राहायचं! (जाम राग यायचा. पण जोक चांगला होता.)

तर, वास आला की खिडकी बंद. खिडकी बंद केली तरी डास आधीच आत आलेले असतात. खाडी आणि तिवरं शेजारी, त्यात कॉलनीत निम्म्या बिल्डिंगांचं रीडेव्हलपमेंट चाललेलं, खणलेल्या खड्ड्यांत पाणी. म्हणून पलंगाखाली कॉइल. त्याआधी दिवेलागणीला आईची उदबत्ती आणि धूप. मग वहिनीची फोडणी. म्हाडाचं जुनं वन रूम किचन, माणसं सहा. हे सगळं इतकं रोजचं, की त्यावर कधी काही लिहावं असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मागच्या हिवाळ्यात चिकूला धाप लागली.

चिकू म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. वय दीड वर्ष. एका रात्री दोन वाजता त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत जात होती. दादानं त्याला उचललं, वहिनीनं पर्स, मी रिक्षा. नेब्युलायझरचा मास्क लावल्यावर तो इतका केविलवाणा दिसत होता की दादा सरळ बाहेर जाऊन उभा राहिला. महिन्याभरात असं तीन वेळा झालं.

घरात, बिल्डिंगमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं निदान एकच होतं. डम्पिंग! दुसरं काय असणार? माझ्यातली जर्नलिस्टही खडबडून जागी झाली. 'कचऱ्याच्या छायेतलं बालपण' वगैरे हेडलाइन मनात तयार होती. चिकूच्या डॉक्टरांकडून एक कोट मिळाला की स्टोरी पूर्ण.

डॉक्टरांनी कोट दिला नाही. प्रश्न विचारले.

"घरात कुणी सिगरेट ओढतं?"

"छे, कुणीच नाही."

"उदबत्ती, धूप?"

"रोज."

"डासांची कॉइल?"

वहिनी म्हणाली, "लावतो ना. त्याच्याच पलंगाखाली. त्याला डास खूप चावतात."

"आणि खिडकी कधी उघडी असते?"

आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. खरंच, कधी असते?

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. एवढ्या लहान मुलांची छाती हिवाळ्यात व्हायरसमुळेही वाजते, कारण एकच असतं असं नाही. पण आधीच चिडलेल्या श्वासनळीला धूर सोसत नाही. "बाहेरचं काय ते तुम्ही लिहा. आतलं बंद करणं तुमच्या हातात आहे, ते आज करा."

मला खरं तर थोडा अपमानच वाटला. म्हणजे, आम्ही डम्पिंगशेजारी राहणार आणि दोषी आमची उदबत्ती?

एका मित्राकडे हवेतले बारीक कण मोजणारं छोटं मशीन होतं, तळहाताएवढं. ते पंधरा दिवसांसाठी मागून आणलं. असली मशीन अगदी अचूक नसतात, दमट हवेत तर जास्तच फेकतात. पण कुठे कमी, कुठे जास्त, हे कळायला पुरेशी असतात. ते मोजतं पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस, घसा, कुणालाच ते अडत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळाशी. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली मर्यादा १५ वर आणली.

पहिल्या रात्री मी मुद्दाम वासाची वाट बघत बसले. साडेआठला आला. सॉलिड आला. मी मशीन खिडकीच्या गजांबाहेर धरलं आणि आकडा उडी मारेल म्हणून डोळे लावून बसले.

आकडा ढिम्म! दोन आकडी होता, तसाच राहिला.

मग नेहमीसारखी खिडकी लावली. आईनं धूप फिरवला. आकडा तीन आकडी. वहिनीनं आमटीला फोडणी दिली, मिरची-मोहरीचा ठसका बाहेरच्या खोलीपर्यंत आला, आकडा आणखी वर. कॉइल लावून अर्ध्या तासानं मशीन चिकूच्या उशीपाशी ठेवलं तेव्हा स्क्रीन लाल झाली. बाहेर, डम्पिंगच्या वासात जे होतं, त्याच्या कितीतरी पट. आणि खोलीत वास कसला होता? चंदनाचा. अगदी प्रसन्न!

इथे माझी हेडलाइन गेली आणि मी वाचायला बसले.

आपलं नाक हे जबरदस्त यंत्र आहे, पण ते विषाचं मीटर नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो नाकाला हवेच्या अब्ज भागांत एखाद-दुसरा भाग असला तरी कळतो, म्हणजे विषबाधेच्या पातळीच्या खूप आधी. उलट कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. शिशाला नाही. पीएम २.५ ला स्वतःचा वास नाही, ज्याच्यातून निघाला त्याचा असतो. चंदनाची उदबत्ती असली की चंदनाचा.

कॉइलबद्दलचा अभ्यास तर मला आधी खोटाच वाटला. चीन आणि मलेशियातल्या कॉइल्सच्या धुरावरचा हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगरेटींएवढे पीएम २.५ कण बाहेर पडतात, असं त्यात निघालं. पुण्याचे डॉ. संदीप साळवीही बंद खोलीतल्या कॉइलची तुलना शंभरेक सिगरेटींशी करत आलेत. ही तुलना कणांच्या वजनाची आहे. चिकूनं शंभर सिगरेटी ओढल्या असा तिचा अर्थ नाही. तरी, 'घरात कुणी सिगरेट ओढतं?' या प्रश्नाला आम्ही किती ऐटीत 'छे' म्हटलं होतं!

या सगळ्यामागचा फंडा ज्यांनी आयुष्यभर मांडला ते कर्क स्मिथ. बर्कलेचे प्रोफेसर, २०२० मध्ये गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या बायकांच्या अंगावर कण गोळा करणारी उपकरणं लावली. तोवर प्रदूषण मोजायचं म्हणजे शहरात, गच्चीवर, चौकात. स्मिथ यांचं म्हणणं असं, की माणूस जिथे आहे तिथे मोजा. चिमणीतून किती टन निघालं यापेक्षा कुणाच्या नाकात किती गेलं, हे महत्त्वाचं. त्यांचा एक ढोबळ नियम होता, हजाराचा. घराबाहेर सोडलेल्या धुराच्या तुलनेत घरात सोडलेला धूर कुणाच्या तरी फुफ्फुसात पोचण्याची शक्यता साधारण हजारपट जास्त. बाहेर त्याला पांगायला आख्खं आकाश आहे. आमच्या घरात त्याला पांगायला एक खोली, आणि तिची खिडकी आईनं लावलेली.

डम्पिंगला मी क्लीन चिट देतेय असं कुणाला वाटेल. नाही हं. मुंबईच्या रोजच्या साधारण साडेसहा हजार टन कचऱ्यातला बहुतेक सगळा कांजूरला येतो. २०१५ पासून तिथे बायोरिॲक्टर पद्धतीनं तो कुजवला जातो. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या जमिनीचा संरक्षित वनाचा दर्जा परत दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. कोर्टाची लढाई खरी आहे. वासानं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, हेही खरं आहे. पण आमच्या घरात त्या वासानं आणखी एक काम केलं होतं, जे कुठल्याच याचिकेत येणार नाही. त्यानं आम्हाला खिडकी लावायला शिकवलं होतं.

आता घरात हे सांगायचं कसं?

मी फारच वाईट पद्धतीनं सांगितलं, हे कबूल करते. जेवताना मशीन ताटाशेजारी ठेवलं आणि सगळ्यांना प्रेझेंटेशन दिलं. आकडे, सिगरेटी, अडीच मायक्रॉन. बाबा जेवत राहिले. आईचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी देवाला धूप दाखवला म्हणून पोर आजारी पडलं, असं म्हणायचंय तुला?"

"आई, तसं नाही गं..."

"मग कसं? तुम्ही दोघं याच धुरात वाढलात. तुम्हाला झालं काही?"

दादाला लहानपणी दर हिवाळ्यात खोकल्याचं औषध चालू असायचं. ते कुणालाच आठवत नव्हतं की कुणी बोललं नाही, माहीत नाही. मीही नाही बोलले.

वहिनी मात्र उठून आत गेली. मागून गेले तर ओट्याला टेकून उभी. आमच्या बिल्डिंगमध्ये आदल्या पावसाळ्यात एका मुलीला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्सच्या धावपळीत आख्खी बिल्डिंग होती. तेव्हापासून वहिनी एक रात्र चुकवत नव्हती. कॉइल संपत आली तर पाऊस असो, काही असो, खाली जाऊन घेऊन यायची. मला म्हणाली, "मला वाटायचं, मी त्याला वाचवतेय."

यावर माझ्याकडे काहीही आकडा नव्हता.

मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं, की चांगल्या स्टोरीत एक व्हिलन हवा. आणि इथे ज्या दोघी चिकूसाठी सगळ्यात जास्त जागतात, त्यांच्याच हातात काडेपेटी होती. बरं, वहिनीची भीतीही खोटी नव्हती. कॉइल बंद करून डेंग्यू आणला, तर तो कुठला शहाणपणा?

त्या आठवड्यात मशीन पर्समध्ये घेऊनच फिरले. फ्रीलान्सर असल्यामुळे माझी रोज वेगळी वारी असते. एकदा अंधेरीला मीटिंग होती म्हणून जेव्हीएलआरवरून रिक्षा केली. सिग्नलला ट्रकच्या मागे उभं राहिलं की आकडा चढायचा, सुटलं की उतरायचा. दिल्लीच्या रिक्षांमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात रिक्षाच्या आतली पीएम २.५ ची पातळी शहराच्या हवेच्या दीडपट निघाली होती. म्हणजे ॲपवर दिसणारा एक्यूआय हा शहराचा असतो, तुमच्या सीटचा नाही. हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली की आपण तो आकडा स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवतो आणि पंधरा मिनिटं सायलेन्सरच्या मागे उभे राहतो.

ज्या ऑफिसात गेले ते नवं कोरं होतं. काचेचं दार उघडलं की नव्या फर्निचरचा तो मस्त वास! एसी, बंद खिडक्या, कोपऱ्यात लिंबाच्या वासाचं रूम फ्रेशनर. मशीनवर आकडा एकदम कमी. मी खूश. पण ते मशीन वायू मोजत नाही. पार्टिकल बोर्ड ज्या गोंदानं चिकटवतात त्यातून फॉर्मल्डिहाइड महिनोन् महिने सुटत राहतं, आणि २००४ पासून ते कॅन्सरकारक म्हणून पक्क्या यादीत आहे. 'नवेपणाचा वास' म्हणून आपण छाती भरून घेतो त्यात तेही असतं. परतताना स्टेशनबाहेर बेकरीतून गरम पावाचा वास. आहाहा! मुंबईतल्या कितीतरी भट्ट्यांत जुन्या फर्निचरची, प्लायची लाकडं जळतात. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं, ते याच धुरामुळे. पाव मी घेतला, हे सांगायला नकोच.

त्या पंधरा दिवसांत मी थोडी वेडीच झाले होते. बिलाची कागदी पावती दोन बोटांत धरायचे (त्या गुळगुळीत कागदावर बऱ्याचदा बीपीए हे रसायन असतं, ते कातडीतून आत जातं). दादा म्हणाला, आता श्वास घेणं सोड, सगळे प्रॉब्लेम सुटतील.

पण एक गोष्ट त्यानंच दाखवली. चिकू आता पलंग धरून उभा राहतो आणि खिडकीचे गज चाटतो. आमचे गज हिरव्या ऑइलपेंटचे, एकावर एक किती थर, देव जाणे. पापुद्रे सुटलेले. दादा दिवाळीला ते सॅंडपेपरनं घासून नवा रंग देणार होता. तो म्हणाला, "ताई, हे चालतं का गं?"

नाही चालत. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही सक्तीची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत, शिसं असण्याची शक्यता भरपूर. मुलांचं शरीर शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं, आणि त्याची कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या खुणेच्या वर असल्याचा अंदाज होता. शिशाच्या पेट्रोलचं पर्व २००० साली देशभर संपलं, मी तेव्हा लहान होते. तो धूर माझ्या वाट्याला आला असेल, चिकूच्या वाट्याला गज. कोरडं घासलं की त्याचीच धूळ आख्ख्या खोलीत. म्हणून दादानं चिकूला आठवडाभर मामाकडे पाठवलं, सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्यानं काढले, फरशी दोनदा पुसली आणि वरून नवा रंग मारला. माझ्या सगळ्या प्रेझेंटेशनपेक्षा त्याच्या त्या ओल्या फडक्याचा घरावर जास्त परिणाम झाला.

कॉइल सगळ्यात आधी गेली. वहिनीनंच टाकली, उरलेलं आख्खं पाकीट. खिडकीला जाळी बसवली, पलंगावर मच्छरदाणी आली. बाबांना त्यात गुदमरल्यासारखं होतं, ते रोज रात्री भांडतात. किचनला एक्झॉस्ट फॅन लागला, त्याचा आवाज विमानासारखा आहे.

धुपाचा प्रश्न आम्ही कुणी परत काढला नाही. मशीन परत द्यायच्या आदल्या दिवशी मात्र आई एकटीच देवासमोर बसलेली दिसली, हातात ते मशीन. तिनं निरांजन लावलं. आकडा बघितला. मग एक उदबत्ती लावली, परत बघितला. बराच वेळ. दुसऱ्या दिवसापासून देवाला निरांजन आत आणि धूप बाहेर, कॉमन गॅलरीत. मला काही बोलली नाही. शेजारच्या काकू मात्र येऊन म्हणाल्या, "किती छान वास येतो हो तुमच्याकडून!" आई माझ्याकडे बघून हसली नाही, म्हणजे फार हसली.

त्यानंतर चिकूला एकदा सर्दी झाली, छातीही थोडी वाजली. रात्री रिक्षा शोधावी लागली नाही. हे कॉइल गेल्यामुळे, थंडी संपल्यामुळे की तो तीन महिन्यांनी मोठा झाल्यामुळे, सांगता येत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत.

डम्पिंगचा वास आता घरात पूर्वीपेक्षा जास्त येतो. साहजिक आहे, खिडकी उघडी असते. आई आता किचनमधून ओरडते, "खिडकी उघड गं, फोडणी घालतेय!" त्या वासाचं काय करायचं हे बाबांनी स्वतःकडे घेतलंय. कुठल्याशा बँकेची जुनी डायरी काढून ते त्यात रोज तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती हे लिहितात. तक्रार करायची तर नोंद हवी, असं त्यांचं म्हणणं. काल रात्रीची नोंद मी चोरून वाचली. ९.४०, वारा खाडीकडून, वास मध्यम. खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं, मच्छरदाणीत फार उकडतं, चिकू झोपला आहे.